सिस्टरची वेळ

वास आधी आला. त्याला वाटलं, ओला कचरा बाहेर ठेवायचा राहिला असेल. आणि तो कोणी ठेवायचा होता यावरून सकाळी सकाळी कोणाचं तोंड उघडायला नको, म्हणून तो मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन डबा बघून आला. डबा रिकामा होता. बाहेरच्या खोलीत परत आला तेव्हा वास जास्त वाटला, खारट आणि कुजका, आणि त्याचे पाय माशांच्या टाकीपाशी येऊन थांबले. टाकीचे दिवे अजून लागले नव्हते, ते आपोआप लागत. त्याने हाताने बटण दाबलं. निळा उजेड पाण्यात उतरला आणि समोरचं फांद्यांचं प्रवाळ, जे कालपर्यंत जांभळं होतं, ते टोकांपासून बुडापर्यंत पांढरं पडलेलं दिसलं, नुसतं हाड. त्याच्या शेजारचं, ज्याची जाड हिरवी बोटं दिवसभर पाण्यात डोलायची, त्याची बोटं सुटून लोंबत होती आणि शेंबडासारखं काहीतरी तपकिरी त्यांच्यावरून ओघळत होतं. मेंदूसारख्या घड्यांचं जे होतं ते घड्यांमधून उसवलं होतं. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या. आणि या सगळ्यातून ते दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, मजेत फिरत होते. दिवा लागला म्हणजे खायला मिळणार, एवढंच त्यांना कळलेलं. तोंडातला टूथब्रश तोंडातच राहिला. त्याला रडू आलं नाही. धक्का बसला असंही म्हणता येणार नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की चला, आता हेही.

"काय मेलं?" बायकोने चहाचा कप हातात घेऊन दारातूनच विचारलं.

"सगळं."

"मासे?"

"मासे आहेत."

"मग सगळं कसं म्हणतोस?"

ती एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसत असे आणि प्रश्न नेमका करून घ्यायची तिला सवय होती. तो दिवसभर माणसांना हात लावून दमलेला, ती दिवसभर माणसांचं ऐकून दमलेली. त्यामुळे घरात भांडणं होत नसत, हे एक सुख; पण मग बाकीही फारसं काही होत नसे. संध्याकाळी ती कानांत कापूस घातल्यासारखी वावरायची, तो टाकीसमोर बसायचा. आता ती जवळ आली, पदराने नाक दाबून वाकून बघितलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "अरे, सिस्टर कुठंय?"

सिस्टर दगडाच्या कपारीत सापडली. त्याने लांब चिमट्याने तिला बाहेर ओढलं. लाल रंग उडून ती भाताच्या पेजेसारखी फिकी झाली होती, मिशा तेवढ्या लांब आणि पांढऱ्या. ती होती कोळंबीच, पण खायची नव्हे. माशांच्या अंगावरची मेलेली कातडी वेचून काढणं हा तिचा जन्माचा धंदा. तिला सिस्टर हे नाव त्याच्या बाबांनी दिलेलं. त्यांचं एकदा ऑपरेशन झालं होतं तेव्हा वॉर्डात एक सिस्टर होती, ती अशीच न विचारता यायची, हात पुढे ओढून घ्यायची आणि आपलं काम करून जायची. दुपारच्या चहाच्या सुमाराला, घरात कोणी नसताना, बाबा स्टुलावर बसून हात टाकीत सोडायचे आणि सिस्टर कपारीतून निघून त्यांच्या बोटांवर चढायची. नखांच्या कडा, सांध्यांवरच्या सुरकुत्या, सगळं तिच्या बारीक चिमट्यांनी टोचून, कुरतडून, साफ करून जायची. बाबा दिवसभरात जे काही बोलायचे त्यातलं निम्मं सिस्टरबद्दल असायचं.

"ते सकाळपासून तिच्या वेळेची वाट बघत असतात," बायको म्हणाली. "त्यांना सांगणार कोण?"

"मी सांगतो. संध्याकाळी. तोवर तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. बाबा अजून आपल्या खोलीत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. त्याने घाईघाईने सुटलेलं, लोंबणारं सगळं बादलीत काढलं, कॅनमध्ये तयार करून ठेवलेलं मिठाचं पाणी ओतलं, गाळणीत नवा कोळसा घातला. सिस्टरला कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. कचऱ्यात टाकवेना एवढंच. एका बाटलीत टाकीतलं पाणी भरून घेतलं आणि कामावर गेला, कारण पहिल्या पेशंटची वेळ झाली होती आणि पेशंट वेळेआधी येऊन बसतात.

फिजिओथेरपीच्या विभागात पडदे लावून पाडलेल्या खणांमध्ये खाटा, खाटांवर माणसं, आणि माणसं म्हणजे मुळात कुठेतरी आखडलेलं काहीतरी, असं त्याचं अलीकडे मत झालं होतं. कोणाची मान, कोणाची कंबर, कोणाचा गुडघा. तो दाबायचा, ओढायचा, वळवायचा, म्हणायचा, श्वास सोडा, अजून थोडं, झालंच. बापाने कणीक मळली, मुलगा माणसं मळतो, आमच्याकडे मळणं पिढीजात आहे, असं तो नवीन पेशंटला सांगायचा. पेशंट हसला की स्नायू सैल पडायचे. विनोद जुना झाला होता, पण स्नायूंना ते कळत नाही. आज त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सकाळपासूनच ठणकत होतं. तिथे एक गाठ होती, कामाची गाठ, शिंप्याच्या बोटाला घट्टा पडतो तशी. ती तो रोज दुसऱ्यांच्या पाठीत रुतवायचा. स्वतःचं दुखणं त्याने सहकाऱ्यांपैकी कोणालाही दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर त्यांनी हात लावला असता, आणि दिवस संपता संपता आपल्याला कोणी हात लावावा किंवा आपण कोणाला लावावा याचा त्याला अक्षरशः वीट यायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. बायकोच्या खांद्यावर त्याने सहज म्हणून हात ठेवल्याला किती दिवस झाले असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि समोरच्या पाठीचे मणके मोजता मोजता तो चुकला.

म्हणून तर टाकी होती. टाकीचा पहिला नियम म्हणजे हात लावायचा नाही. ज्याने त्याला पहिलं प्रवाळ विकलं त्याने ते एवढंसं, शर्टाच्या बटणाएवढं, पिशवीत बांधून देताना हेच सांगितलं होतं, की साहेब, याला तुमचं प्रेम नको, पाणी नीट ठेवा. केवढं बरं वाटलं होतं ते ऐकून. पाणी नीट ठेवायचं. संध्याकाळी थेंब टाकून क्षार तपासायचे, चुंबकाने काच घासायची, कमी पडेल ते मोजून घालायचं, आणि मग खुर्ची ओढून बसायचं. काचेपलीकडे सगळं डोलत असायचं, उघडत मिटत असायचं, त्याला कोणाची गरज नव्हती. वर्षावर वर्षं ते बटण वाढून पंजाएवढं झालं होतं. तेच आज सकाळी पांढरं पडलेलं. हे आठवून त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि नेमकं तेव्हा पडदा बाजूला करून पोहायला शिकवणाऱ्या बाई आत आल्या. त्यांचा खांदा हिवाळ्यापासून आखडला होता. बोलक्या बाई. खाटेवर बसता बसता त्या म्हणाल्या, "काय हो डॉक्टर, आज हात गार आहेत तुमचे." आणि मग, "वडिलांना कड्याचा गुण आला का?"

"येतोय, येतोय," तो म्हणाला.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? माझ्या आईची बोटं त्या तांब्यानेच उघडली."

तांब्याने कोणाची बोटं उघडत नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पेशंटने प्रेमाने दिलेली वस्तू नाही म्हणता येत नाही, म्हणून महिन्यापूर्वी ते जाड, बंद कडं त्याने घेतलं होतं आणि पिशवीत टाकलं होतं. त्याच संध्याकाळी घरात शिरताना बाबा दाराशीच उभे, दोन्ही हात पुढे करून, वाकडी झालेली बोटं नवीन असल्यासारखी दाखवत. "जरा बघतोस का रे? सकाळी शर्टाचं बटण लागेना." आणि तो बूट काढता काढता म्हणाला होता, उद्या बघतो बाबा, निवांत. ते उद्या बरेच दिवस चाललं होतं. बाबांचा चेहरा बघून त्याला पिशवीतलं कडं आठवलं. हे घाला, याने गुण येतो म्हणतात. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मुलगा हातापायांचा डॉक्टर, त्याने दिलंय म्हणजे औषधच. चढवायला बायकोने साबण लावून दिला. तो तोवर टाकीसमोर जाऊन बसला होता.

बाईंचा खांदा वर उचलताना त्याला बेकरी आठवत राहिली. बाबांची भट्टी, मैद्याची पोती, कोपरापर्यंत पांढरे झालेले बाबांचे हात. शाळा सुटली की तो तिथे जाऊन पोत्यावर बसायचा. कणकेच्या गोळ्यात बोट खुपसायचं आणि खड्डा हळूहळू भरून येताना बघत बसायचं, हा त्याचा खेळ. बाबांनी त्याला कधी मारलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. दोन्हीला हात रिकामे लागतात. फक्त एकदा, मनगट मोडून प्लास्टर काढलं तेव्हा हात पडवळासारखा बारीक होऊन बाहेर आला होता आणि बोटं वळत नव्हती. बाबांनी त्याला पोत्यावर बसवलं, आपले हात पाण्याने धुतले, पुसले, आणि एकेक बोट घेऊन, घाई न करता, घट्ट कणीक सैल करतात तसं सैल केलं. रोज. भट्टीतला पाव तेवढा वेळ दुसरा माणूस बघायचा. बाबांचे हात गरम होते आणि त्यांना खमिराचा आंबूस वास होता. तेव्हापासून हा धंदा तुझ्या डोक्यात शिरला, असं कोणी म्हटलं असतं तर त्याने नाही म्हणून सांगितलं असतं. सांगितलं असतं, की खऱ्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले.

आई गेल्यावर बेकरी विकून बाबा त्याच्याकडे राहायला आले. आले ते पाहुण्यासारखे, बॅग बरेच दिवस कपाटावर न ठेवता पलंगाखाली. एका सुट्टीच्या दुपारी तो झोपेतून उठून बाहेर आला तर बाबा टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसलेले. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "बाबा, हात काढा आधी!" तो ओरडला, आणि बाबांनी हात काढला, वर्गात सापडलेल्या पोरासारखा, आणि ओल्या हाताने तसेच उभे राहिले. "ती आपणहून आली रे," ते म्हणाले. "मी बोलावलं नाही तिला." मग बायकोने मध्ये पडून समजूत काढली आणि त्याने नियम घालून दिले. हात आधी नुसत्या पाण्याने धुवायचे. साबण नाही, तेल नाही, मलम नाही. हळू घालायचा, हळू काढायचा. "अरे, बेकरीत माणूस हात धुतल्याशिवाय आत जात नाही," बाबा म्हणाले होते, "हे मला काय शिकवतोस." आणि त्यांनी नियम पाळले, शब्दाला शब्द. त्याच्या स्वतःच्या हातावर मात्र सिस्टर कधी चढली नाही. तो हात घालायचा तो काही खरवडायला, काही हलवायला, आणि ती सरळ कपारीत निघून जायची.

काम संपल्यावर तो बाटली घेऊन माशांच्या दुकानात गेला. जाता जाता त्याने मनाशी बेत ठरवला होता: बाकीचं जाऊ दे, एक सिस्टर विकत घ्यायची, तशीच, लाल, पाठीवर पांढरा पट्टा. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, नाक तर मैद्याने कधीच गेलेलं. घरी गेल्या गेल्या सोडायची आणि म्हणायचं, आज जरा उशिरा आली. बाबांना कळणार नाही. त्याला स्वतःचा हा बेत फार आवडला. दुकानात टाक्यांची ती ओळखीची गुणगुण होती आणि दुकानदार स्टुलावर बसून काहीतरी खात होता. दुकानदाराने बातमी ऐकून तोंडातला घास गिळला आणि आवाज बदलला.

"कधी गेले?"

"सकाळी बघितलं."

"सगळे?"

"मासे सोडून."

"वाईट झालं साहेब. भरलं घर होतं." मग त्याने बोटांवर मोजत कारणं सांगायला सुरुवात केली. हीटर अडकला असेल. शेजारी कोणी झुरळांचं औषध मारलं असेल. कामवालीने काच पुसायचा फवारा मारला असेल. प्रत्येक कारणाला तो मान हलवून नाही म्हणत गेला, आणि दुकानदार प्रत्येक नकाराने जरा खट्टू होत गेला. शेवटी त्याने बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यासमोर धरली. पाण्याने रंग धरला. दुकानदाराचा चेहरा खुलला. "तांबं! मासे जगले म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. आजारी माशांना आम्ही तांब्याचंच औषध देतो. माशाला औषध, बाकीच्यांना विष. देवाने असं का करून ठेवलंय, विचारू नका. नाणं पडलंय का आत? एखादी तार? पोरंबाळं हात घालतात का?"

"घरात पोरंबाळं नाहीत."

"मग हात घालतं कोण?"

"कोणी नाही," तो म्हणाला. जेवायच्या टेबलावर बाबांच्या मनगटाला हिरवट डाग दिसला होता, गेल्याच आठवड्यात. तेव्हा मनात आलं होतं, धुवायला सांगायला हवं. तेही उद्यावर गेलं होतं. "एक कोळंबी द्या," तो म्हणाला. "ती साफ करणारी."

दुकानदाराने हात जोडले. "उगाच पाप कशाला घेऊ? आज न्याल, उद्या मरेल. आणि पाणी बदलूनही उपयोग नाही. तांबं दगडात मुरतं साहेब. वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतं. त्या टाकीत मासे ठेवा खुशाल. कोरल, कोळंबी, आता कधीच नाही."

तो चालत घरी निघाला. दुकानं उजळली होती, माणसं घरी चालली होती, फुटपाथवर कोणाची तरी पिशवी त्याच्या गुडघ्याला लागली आणि त्याने मागे वळूनही बघितलं नाही. राग चढायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाने त्याला बरंच वाटत होतं. सकाळपासून दोष द्यायला कोणी नव्हतं, आता होतं. इतक्या वर्षांची मेहनत. एक जागा होती घरात आपली, हात लावू नका म्हटलेली, तिथेच हात. तो मनात वाक्य जुळवत चालला. बाबा, तुमच्या त्या कड्याने सगळं मेलं. नको, सिस्टरपासून सुरुवात करावी: तुमच्या लाडक्या सिस्टरला कोणी मारलं माहीत आहे? हे वाक्य त्याने दोनतीनदा म्हणून बघितलं, वेगवेगळ्या आवाजात. आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे ते दार उभं राहायचं, पुढे केलेले दोन हात, आणि बूट काढणारा तो स्वतः. तुमचं कडं, तुमचं कडं. पण कडं कोणाचं होतं? ज्याच्यावर आपला काडीचा विश्वास नाही ते आपण बापाच्या हातात ठेवलं, कारण त्याचा हात हातात घ्यायचा कंटाळा आला होता. जिन्यापाशी येईपर्यंत राग पार विरला होता आणि उरली होती नुसती लाज, आणि लाजेखाली तो रोजचा थकवा. खिशात हात घातला तर कागदाची घडी लागली.

दार बायकोने उघडलं. तिने डोळ्यांनी आत खूण केली. टाकीसमोर स्टुलावर बाबा बसले होते, शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात. हिरवी, लोंबती बोटं सकाळी काढूनही पाणी गढूळच होतं, आणि त्यात बाबांचा हात सुजऱ्या सांध्यांचा, अजिबात न हलणारा, मनगटावर तांब्याचं ते कडं. नारिंगी मासे लांबून बघत होते.

"मी आले तेव्हापासून असेच आहेत," बायको हळूच म्हणाली. "चहासुद्धा तिथेच घेतला."

"बाबा, हात काढा बाहेर," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढा आवाज चढला नाही.

बाबांनी मान वळवली. "धुतलाय रे. साबण नाही लावला."

"माहीत आहे."

"सिस्टर आज आलीच नाही. वेळ टळून गेली तिची. रजेवर असेल, म्हटलं बसू जरा." ते किंचित हसले. "आणि मला आज सगळं पांढरं पांढरं दिसतंय. मोतीबिंदू पिकला वाटतं एकदम."

"मोतीबिंदू नाही, बाबा." तो त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसला, बॅग खांद्यावर तशीच. "सिस्टर गेली. सगळंच गेलं. ते पांढरं आहे ते खरंच पांढरं झालंय."

बाबांनी पाण्यात वाकून बघितलं. हात अजून आतच होता. मग त्यांनी तो शिकवल्याप्रमाणे हळूच बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला, लेंगा भिजू दिला. "कशाने?" त्यांनी विचारलं.

"पंप बिघडला. रात्री."

खोलीत पंपाची एकसुरी घरघर चालू होती. बाबांचे कान मात्र अजून शाबूत होते. "चालू आहे की," ते म्हणाले.

"सकाळी सुरू केला मी."

"अस्सं."

बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग बाबांच्या मनगटाकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे, आणि दिवसभर तक्रारी ऐकणाऱ्या त्या बाईला न सांगितलेलंही ऐकू आलं असावं. ती टॉवेल घेऊन आली.

"ते कडं काढू, बाबा," तो म्हणाला.

"का? तूच दिलंस."

"त्याचा काही गुण नाही. उगाच दिलं. बोटं मीच बघतो. रोज बघतो."

"तुला वेळ कुठे असतो?"

"टाकीचा वेळ आता मोकळाच आहे."

बाबांनी हात पुढे केला. कडं तांबूस रंगाचं राहिलं नव्हतं, काळपट पडलं होतं, आतल्या कडेला हिरवं. त्याने ते सरकवून बघितलं. अंगठ्याच्या हाडाशी येऊन ते अडलं. सांधे महिन्याभरात आणखी सुजले होते. बायको म्हणाली, "पक्कड आणू का? एका मिनिटात तुटेल." तुटलं असतं. तांबं मऊ असतं.

"नको," तो म्हणाला. "परातीत गरम पाणी दे. सोसेल एवढंच गरम."

तिने परात आणून ठेवली, आणि जाताना तिचा हात क्षणभर त्याच्या डोक्याला लागला. तो चुकून लागला की कसा, त्याने वर बघितलं नाही. बाबांचा हात पाण्यात धरून तो बसला. किती वर्षांनी तो हा हात बघत होता! दिवसाकाठी इतके हात हाताखालून जायचे, आणि हा त्याला परका वाटला. तळव्यावर भट्टीच्या जुन्या पांढऱ्या खुणा, मधलं बोट एका बाजूला कललेलं, करंगळी आत दुमडून बसलेली. कातडी पातळ झाली होती, पण नखं स्वच्छ होती, कडेची एक साल निघालेली नव्हती. सिस्टरने काम चोख केलं होतं. हे बघून मात्र त्याला भरून आलं. सकाळी प्रवाळासाठी वाईट वाटलं होतं त्याहून जास्त वाटलं, आणि ते लपवायला त्याने मान खाली घातली. मग त्याने सूज बोटांकडून मनगटाकडे, मनगटाकडून वर, हलक्या हाताने सारायला सुरुवात केली. एकेक सांधा दोन बोटांत धरून, ओढून, सोडून. श्वास सोडा म्हणायची गरज पडली नाही. बाबांनी डोळे मिटले होते. करंगळीपाशी ते जरासे कण्हले, तेव्हा तो थांबला, ते म्हणाले, "थांबू नकोस." पाणी कोमट झालं, बायकोने न सांगता बदललं. अंगठा तळव्यात दुमडून, हात लांबट करून, त्याने कडं पुन्हा सरकवलं. हाडाशी अडलं, थोडं वळवलं, आणि मग ते सुटून परातीत पडलं. टण्ण आवाज झाला. मनगटावर हिरवं कडं उमटलेलं राहिलं.

बाबांनी डोळे उघडून परातीतल्या कड्याकडे बघितलं. मग टाकीकडे. "बेकरीत पाव करपला ना," ते म्हणाले, "की मी भट्टीला बोल लावायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, भट्टी जास्त तापली. भट्टी बिचारी काय बोलणार!"

त्याने टॉवेल घेतला आणि बाबांचा हात पुसायला लागला. बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. खिशातली घडी उद्या कुंडीत पुरू, बाबांना घेऊन, एवढं त्याच्या मनात आलं. पुसून झाल्यावर तो हात सोडणार, तर बाबांची वाकडी बोटं त्याच्या हातावरून सुटेनात. ती त्याच्या तळव्यावरून सरकत गेली, चाचपत, कणीक नीट झाली की नाही बघतात तशी, आणि अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली. तिथे त्यांनी दाबलं. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"गाठ आहे इथे तुझ्या," बाबा म्हणाले. "केवढी झालीय. कोणाला दाखवलीस का?"

"असू दे हो. कामाची आहे."

"असू दे काय? बस सरळ." त्यांनी सवयीने हात लेंग्याला पुसला, दुसराही पुसला आणि दोन्ही पुढे केले. "बघू."

उद्या बघू बाबा, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि अंगठा त्यांच्या हातात दिला.